खोट्या दागिन्यांचे खरे कारागीर

'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' ही म्हण ज्या समाजानें घडविली, त्या समाजाचा दागिन्यांविषयींचा सर्व विचार तिच्यांत सांठविलेला आहे. वाळा कथलाचा आहे एवढें कळलें, कीं म्हणीला पुढें कांहीं विचारावयाचें उरत नाहीं. तो वाळा कसा वळविला होता, त्याच्या टोंकांशीं कमळ होतें कीं मकरमुख, तो सोनूबाईच्या मनगटास शोभत होता कीं नाहीं, आणि मुख्य म्हणजे तो कोणीं घडविला होता, हे प्रश्न म्हण बनविणारास सुचले नाहींत. आणि पिढ्यान्‌पिढ्या ती म्हण उच्चारणाऱ्या लोकांसही सुचले नाहींत. ह्या न सुचलेल्या प्रश्नांपैकीं शेवटचा प्रश्न आम्ही येथें विचारणार आहों, आणि तो विशेषेंकरून सुशिक्षित कुटुंबांस विचारणार आहों.

खोटा दागिना हा आतां केवळ गरिबाचा राहिलेला नाहीं. २०२५ सालीं सोन्याच्या भावानें १० ग्रॅमला १ लाख रुपयांची रेषा ओलांडली. ज्या मध्यम स्थितींतील घरांत पूर्वीं खोटा दागिना घालणें म्हणजे दारिद्र्याचें प्रदर्शन समजलें जाई, त्याच घरांत आतां सोनें बँकेच्या लॉकरांत आणि मुलामा वधूच्या गळ्यांत अशी वांटणी झाली आहे. आमच्या कळव्यास स्टेशनाबाहेरच्या दुकानांत ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, मोहनमाळ, कोल्हापुरी साज, नथ हें सर्व शें-पांचशें रुपयांत मिळतें. मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यांत कानांतल्यांचे पुठ्ठे हातावर टांगून फिरणारी विक्रेती मुलुंड येण्यापूर्वींच चार-दोन जोड विकून मोकळी होते, असें आमच्या घरांतील मंडळी सांगतात.

ह्या दागिन्यांना नांवें नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. २०१३ सालीं सुरू झालेल्या 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेनें 'जान्हवीचें मंगळसूत्र' घरोघर नेलें. २०१५ सालच्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटानंतर नथींना काशीबाईचें आणि मस्तानीचें नांव लागलें. 'बेंटेक्स' हें तर एका व्यापारी छापाचें नांव. तें मुलाम्याच्या सर्वच दागिन्यांचें सामान्यनाम होऊन बसलें. म्हणजे दागिन्याला कल्पित नायिकेचें नांव चालतें, ऐतिहासिक स्त्रीचें चालतें, विकणाऱ्याचेंही चालतें. ज्यानें प्रथम कागदावर किंवा मेणांत तो नमुना कल्पिला, ज्याला बाजारांत हल्लीं 'डिझायनर' म्हणतात व ज्याला आम्ही नमुनाकार म्हणूं, त्याचें तेवढें कोठेंच नाहीं.

ह्याचें कारण विसराळूपणांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं. दागिन्याची किंमत ठरविण्याची आमची जी रीत आहे, तिच्यांतच तें आहे. सोन्याचा दागिना घेतांना आपण वजन पाहतों, कस पाहतों, त्या दिवसाचा भाव पाहतों, आणि शेवटीं कुरकुरत घडणावळ देतों. ही घडणावळ म्हणजे कारागिराच्या कल्पनेचें आणि हातकसबाचें मोल. पण तिचा हिशेबही बहुधा वजनावर किंवा शेंकड्यावर होतो. तोच दागिना मोडीस नेला, कीं सोन्याचे पैसे परत मिळतात, घडणावळीचे मिळत नाहींत. मुशींत पडतांना उत्तम साज आणि ओबडधोबड कडें ह्यांत भेद राहत नाहीं. दोन्ही सारखींच वितळतात. सरकारनेंही ह्याच वृत्तीस अनुसरून व्यवस्था लाविली आहे. २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला, आणि आतां प्रत्येक दागिन्यावर भारतीय मानक संस्थेचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा आणि सहा अक्षरांकांचा एक संकेत कोरलेला असतो. त्या संकेतावरून सोन्याचा कस कळतो, नोंदणी केलेला सराफ कळतो, तपासणी कोणत्या केंद्रांत झाली तें कळतें. नमुना कोणाच्या डोक्यांतून निघाला, हें कळण्याची सोय त्यांत नाहीं, व ती असावी असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां खोटा दागिना घ्या. त्यांतील पितळेला, तांब्याला, कांचेच्या खड्याला आणि केसाएवढ्या मुलाम्याला मोडींत कांहींच किंमत नाहीं. मग त्यासाठीं मनुष्य जे तीनशें रुपये मोजतो, ते कशासाठीं मोजतो? धातूसाठीं नव्हे, ठेवीसाठीं नव्हे, अडचणीच्या वेळीं गहाण टाकण्यासाठीं नव्हे. तो ते त्या वस्तूच्या रूपासाठीं मोजतो. सोन्याच्या दागिन्यांत कलेची किंमत धातूच्या आड दडलेली असते. खोट्या दागिन्यांत आड दडावयास धातूच नसतो. म्हणून ज्याला आपण खोटा म्हणतों, त्या दागिन्यांत नमुना हीच एक खरी वस्तु असते, आणि नेमक्या त्याच दागिन्याच्या नमुनाकाराचें नांव आपणांस ठाऊक नसतें. हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

कसब आणि धातु ह्यांची आम्हीं किती विलक्षण गांठ मारून ठेविली आहे, ह्याचा पुरावा इतिहासांत आहे. जानेवारी १९६३ मध्यें सुवर्ण-नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास बंदी झाली. हा निर्बंध कांहीं वर्षांनीं उठला, पण त्यापाठोपाठ १९६८ चा सुवर्ण-नियंत्रण कायदा आला व तो १९९० सालीं रद्द होईपर्यंत राहिला. १९६३ त देशभर सोनारांचीं कुटुंबें उघड्यावर पडलीं, कित्येकांनीं जीव दिला. त्या सोनारांचे हात तेच होते, डोळा तोच होता, हत्यारें तींच होतीं. परंतु हातांतील सोनें काढून घेतांच त्या कसबाला स्वतंत्र किंमत देणारें गिऱ्हाईक समाजांत नाहीं, असें आढळून आलें. सरकारच्या धोरणास दोष देणारे लेख त्या वेळीं पुष्कळ निघाले असतील. गिऱ्हाइकाच्या दृष्टीचा दोष मात्र अजून तसाच आहे.

पश्चिमेकडे हा व्यवहार कसा चालतो तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत जुने खोटे दागिने जमविण्याचा छंद मोठा आहे, आणि तो करणारा मनुष्य दागिना हातीं आला कीं प्रथम उलटा करून पाहतो. कारण मागील बाजूस छाप असतो. ट्रिफारी या कारखान्याचा मुख्य नमुनाकार आल्फ्रेड फिलिप हा फ्रान्सांतून आलेला, उंची जडजवाहिरांच्या कामांत मुरलेला कारागीर. १९३० पासून १९६८ पर्यंत त्यानें ट्रिफारीसाठीं नमुने काढले. खऱ्या हिऱ्यांच्या कामांतील कोंदणाची रीत त्यानें कांचेच्या खड्यांस लावली. १९५३ सालीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या अधिकारग्रहणानिमित्त जो नृत्यसमारंभ झाला, त्यांत त्यांची पत्नी मेमी ही फिलिपनें काढलेला खोट्या मोत्यांचा कंठा घालून गेली. राष्ट्रप्रमुखाच्या पत्नीस त्यांत कमीपणा वाटला नाहीं, आणि तो कोणीं काढला हें आज सत्तर वर्षांनंतरही सांगतां येतें.

हें सर्व ऐकून पश्चिमेची आरती ओवाळण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तेथेंही नांवांची चोरी झालेली आहे. मिरिअम हॅस्केल हिच्या नांवानें जे मोत्यांचे आणि मण्यांचे नाजूक दागिने आज मोठ्या किंमतीस विकले जातात, त्यांपैकीं प्रारंभींच्या कित्येकांचे नमुने फ्रँक हेस याचे होते. कोरो या कारखान्याच्या असंख्य नमुन्यांचे हक्क ॲडॉल्फ कात्झ या अधिकाऱ्याच्या नांवें नोंदलेले आहेत; पण त्याचें काम नमुने निवडून पसंत करण्याचें होतें, आणि ते काढणारे जीन व्हेरी यांच्यासारखे लोक वेगळे होते, असें पुढें शोध घेणारांनीं दाखविलें. तेव्हां धनी तेथेंही धनीच आहे. फरक एवढाच, कीं तेथें कागद राहिला. नमुन्यांची नोंदणी झाली, चित्रें दप्तरीं पडलीं, छाप उमटले. म्हणून अन्याय झाला तरी पन्नास वर्षांनीं एखाद्या चिकाटीच्या माणसास तो उकरून काढतां आला. आमच्याकडे कागदच नसल्यामुळें अन्याय झाला हेंही कोणास सिद्ध करतां येणार नाहीं.

१९५५ सालीं ह्याच ट्रिफारीनें आपल्या नमुन्यांची नक्कल करणाऱ्या एका व्यापाऱ्यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयांत फिर्याद केली. खोटा दागिना ही काय कलाकृति आहे, असा प्रतिपक्षाचा सवाल होता. न्यायालयानें उत्तर दिलें, कीं वस्तु स्वस्त असली आणि कारखान्यांत हजारोंनीं निघत असली, तरी तेवढ्यानें ती कलाकृतींतून बाद होत नाहीं, व तिला कॉपीराइटचें संरक्षण मिळूं शकतें. आमचा कायदा काय म्हणतो? २००० सालच्या डिझाइन्स ॲक्टाप्रमाणें नमुना नोंदवितां येतो. हक्क दहा वर्षें टिकतो आणि पुढें पांच वर्षें वाढवितां येतो. परंतु मोबदला देऊन जो दुसऱ्याकडून नमुना करवून घेतो, तो त्या नमुन्याचा मालक, अशी व्याख्या आहे. बरें, नोंदणी केली नाहीं तर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीस योग्य पण न नोंदविलेल्या नमुन्याच्या वस्तु औद्योगिक रीतीनें ५० हून अधिक निघाल्या, कीं कॉपीराइट संपला. शें-पांचशें रुपयांची ठुशी पन्नास नगांवर थांबवून कोणता कारखाना चालेल? अर्थात् लहान कारखान्यांतील नमुनाकाराच्या पदरीं ह्या दोन्ही कायद्यांतून कांहीं पडत नाहीं. सकाळीं त्याचा नवा नमुना दुकानाच्या कांचेंत लागतो, दुपारीं कोणी मोबाइलवर त्याचें छायाचित्र काढून नेतो, आणि थोड्याच दिवसांत त्याची नक्कल त्याच्याच शेजारीं कमी किंमतीस टांगली जाते.

येथें परंपरेचे अभिमानी आम्हांस अडवितील. ते म्हणतील, "साज, ठुशी, नथ हे कोणा एकाचे नमुने नव्हेत, ते महाराष्ट्राचे आहेत. परंपरेला कर्ता नसतो." हा युक्तिवाद भारदस्त दिसतो, म्हणून त्याची नीट तपासणी केली पाहिजे. नथ घ्या. भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९३८ सालीं नथीच्या प्राचीनत्वावर लेख लिहिला. आमच्या जुन्या वाङ्मयांत व शिल्पांत नाकांतील अलंकार सांपडत नाहीं, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकानंतरच तो दिसूं लागतो, असें त्यांच्या व इतर अभ्यासकांच्या संशोधनावरून दिसतें. म्हणजे जिला आपण सनातन समजतों ती नथही एके काळीं नवी होती, आणि मोत्यांचा तो मराठी घाट पुढें कोणाच्या तरी हातानें निघाला. पुतळ्यांची माळ घ्या. पुतळी हें मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचें नांव. त्यावर मनुष्याकृति असत म्हणून ती पुतळी. परदेशीं व्यापाऱ्याचें नाणें ओंवून मराठी स्त्रीच्या गळ्यांत घालावें, ही कल्पना आकाशांतून पडली नाहीं. ती एखाद्या सोनारास सुचली. कोल्हापुरी साजांत २१ पानें धरतात, त्यांत दहा अवतारांचीं आणि अष्टमंगलांचीं रूपें एकामागून एक बसवितात. ही मांडणी करणारा मनुष्य विचार करणारा होता. परंपरेला कर्ता नसतो असें म्हणण्यापेक्षां, परंपरा म्हणजे नांवें पुसलेल्या अनेक कर्त्यांची रांग, असें म्हणणें सत्यास अधिक धरून होईल. मागच्यांचीं नांवें गेलीं तीं गेलीं. त्यांचा दाखला देऊन जिवंत माणसाचें नांव पुसण्याचा अधिकार कोणास मिळतो?

शिवाय हेच अभिमानी दुसऱ्यानें नांव गाळलें कीं कसे खवळतात, हें आपण पाहिलें आहे. जून २०२५ मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या कंपनीनें आपल्या प्रदर्शनांत कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. महाराष्ट्रांत केवढा गहजब उडाला! तो रास्तच होता. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालेलें होतें, आणि ओरड झाल्यावर त्या कंपनीस ह्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरींतून आल्याचें मान्य करावें लागलें. परंतु त्या दिवसांत संतापानें लिहिणाऱ्या किती जणांनीं स्वतःच्या पायांतील चपल कोणीं शिवली हें विचारलें होतें? गांवाचें नांव गाळलें तर अस्मिता दुखावते; माणसाचें नांव गाळलें तर कोणाचें कांहीं दुखत नाहीं. मिलानच्या व्यापाऱ्यानें कोल्हापूरला जें केलें, तेंच आपण आपल्या गल्लींतील कारागिरास रोज करतों.

नांव माहीत असूनही आपण कसे वागतों, ह्याचें उदाहरण कोल्हापूरचेंच आहे. भानु अथैया (१९२९–२०२०) ह्या कोल्हापुरच्या राजोपाध्ये घराण्यांतल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या चित्रकर्त्री. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठीं १९८३ सालीं त्यांस जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळालें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १९६६ सालच्या 'आम्रपाली' चित्रपटाकरितां त्यांनीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून वैजयंतीमालेचा वेश व साज सिद्ध केला. तो इतका लोकप्रिय झाला, कीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं भाड्यानें पोशाख देणारा दुकानदारही 'आम्रपाली' म्हटल्याबरोबर तो काढून देतो. दीड हजार वर्षांपूर्वींच्या भिंतीवरून एका मराठी स्त्रीनें जें सौंदर्य उचलून आजच्या अंगावर आणलें, त्याला नांव मिळालें तें नायिकेचें. जिला जगानें पारितोषिक दिलें तिची ही कथा; मग कारखान्यांत साच्यापुढें बसलेल्या अनामिकानें कोणती आशा करावी?

ह्यावर व्यवहारी लोकांचा आक्षेप राहतो. ते म्हणतात, "नांवें आलीं कीं किंमती चढतील. मग वीस रुपयांच्या कानांतल्यांवर हौस भागविणाऱ्या मुलीनें काय करावें?" आक्षेप कळकळीचा दिसतो, पण ही कळकळ सोयीची आहे. खोट्या दागिन्यांच्या धंद्यांत घरीं बसून मणी ओंवणें, कड्या जोडणें, खडे चिकटविणें हीं कामें नगांवर मजुरी घेऊन बायका करितात. आमच्या बाजूस खाडीकांठच्या व डोंगराच्या पायथ्याच्या दाट वस्त्यांतूनही हें चालतें. हौशी मुलीची काळजी वाहणाऱ्या ह्या गृहस्थांस मणी ओंवणाऱ्या मुलीची काळजी कधीं वाटलेली दिसत नाहीं. पुस्तकावर लेखकाचें नांव छापल्यानें पुस्तक महाग होत नाहीं. शीर्षकानें व्यापलेल्या पानावर एक ओळ अधिक बसते एवढेंच. पुठ्ठ्यावर किंमतीची चिठ्ठी लागतेच. तिच्यावर एक नांव लिहिण्यास शाईचा एक थेंब अधिक लागेल.

आणि हें नांव केवळ मानासाठीं हवें आहे असेंही नाहीं. ज्या कामाला नांव नाहीं, त्यांत नवें करण्याची उमेद राहत नाहीं. नवा नमुना काढणाऱ्यास आठ दिवसांची आघाडी, आणि नक्कल करणाऱ्यास तेवढाच नफा, असें जेथें आहे, तेथें शहाणा मनुष्य नक्कलच करील. त्याचें फळ आपण पाहतच आहों. दुकानामागून दुकान पालथें घाला. तीच नथ, तीच ठुशी, आणि दर दोन वर्षांनीं एखाद्या मालिकेंतून उतरलेलें तेंच एक मंगळसूत्र. ज्या प्रांतांत बुगडी, कुडी, वज्रटीक, लफ्फा, चंद्रहार, एकदाणी, जोंधळी पोत असे परस्परांहून सर्वस्वीं भिन्न घाट निघाले, त्या प्रांतांत आजच्या पिढीनें आपल्या काळाचा म्हणून किती घाटांची भर घातली, असें कोणी विचारल्यास आपण खालीं पाहूं. कल्पकता आटली असें आम्हांस वाटत नाहीं. तिला ओळखणारें कोणी नाहीं म्हणून ती दुसरीकडे गेली आहे; नमुनाकाराचा मुलगा बापाचा धंदा सोडून नोकरी धरतो, आणि आपण त्यास शहाणा म्हणतों.

ह्या स्थितींत पालट करण्यास मोठ्या चळवळीची आवश्यकता नाहीं. नाटकमंडळी, चित्रपट व मालिका यांनीं श्रेयनामावलींत प्रायोजक सराफाच्या नांवाबरोबर दागिन्यांचे नमुने काढणाराचेंही नांव द्यावें. कारखानदारांनीं दागिन्याच्या मागें, जेथें आज कोरें पितळ असतें तेथें, दोन अक्षरांचा छाप उमटवावा. कायदेमंडळाच्या सभासदांनीं डिझाइन्स ॲक्टाखालील नोंदणींत मालकाच्या नांवाशेजारीं नमुनाकाराचें नांव सक्तीचें करण्याचा विचार करावा. वस्तुसंग्रहालयांनीं मुलाम्याच्या दागिन्यांस आपल्या कपाटांत जागा द्यावी. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत. त्यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपें अशा घरगुती वस्तु जमविल्या, तेव्हां त्यांसही भंगार गोळा करणारा म्हणून हंसणारे लोक असतीलच. आज राजा केळकर संग्रहालय पाहण्यास लोक रांगा लावितात. तेथील बहुतेक वस्तूंचे कर्ते अज्ञात आहेत, कारण त्यांच्या हयातींत कोणीं विचारलें नाहीं. आजच्या नमुनाकारांविषयीं ती सबब आपणांस पुढें करतां येणार नाहीं. ते हयात आहेत, आणि विचारल्यास उत्तर देतील.

राहतां राहिलें गिऱ्हाईक, म्हणजे ज्यांच्यासाठीं हें लिहिलें तीं कुटुंबें. त्यांनीं पुढच्या खेपेस नथ किंवा ठुशी घेतांना किंमतीची घासाघीस अवश्य करावी, पण त्याआधीं दुकानदारास एक प्रश्न करावा: हा घाट कोणाचा? पहिल्या दहा दुकानांत उत्तर मिळणार नाहीं. अकराव्या दुकानदाराला, गिऱ्हाइकें हें विचारूं लागलीं आहेत असें कळलें, म्हणजे तो आपल्या कारखानदारास विचारील. आणि कारखानदाराला, कदाचित् आयुष्यांत पहिल्यांदा, आंतल्या खोलींत दिव्याखालीं मान घालून बसलेल्या माणसाकडे बोट करावें लागेल.